वनविद्येकडे जाणाऱ्या वाटा

चेन्नई शहराच्या भरवस्तीत एक अरण्य आहे. चोहोबाजूंनी रस्ते, इमारती व वाहनांची वर्दळ. आणि त्यांच्या मध्यभागी काळविटांचे व चितळांचे कळप निर्धास्तपणे चरत असतात. गिंडी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे नाव. त्याचा विस्तार अवघा २.७ चौरस किलोमीटर आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेस याच वनाचा एक मोठा भाग देण्यात आला, आणि उरलेल्या वनास १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पूर्व किनाऱ्यावर एके काळी दूरवर पसरलेल्या शुष्क सदाहरित झुडुपी वनाचा हा एक अवशेष होय.

या उद्यानाच्या शेजारील एखाद्या शाळेतील मुलीस असे वाटले की, या वनाचा अभ्यास करणे व त्याचे रक्षण करणे हेच आपले जीवनकार्य व्हावे, तर तिने कोणत्या मार्गाने जावे? वैद्य किंवा अभियंता होण्याचा मार्ग कोणता, हे आपल्याकडे बहुतेक घरांतून ठाऊक असते. वनविद्येच्या मार्गाविषयी मात्र शिक्षकांसही पुष्कळदा नेमकी माहिती नसते. परिणाम असा होतो की, ज्यांना या विद्येची खरी आवड असते त्यांतील अनेकांना तिच्या द्वाराचा पत्ता, ते द्वार बंद झाल्यावर लागतो. म्हणून ही द्वारे किती आहेत, ती केव्हा उघडतात व कोणासाठी उघडतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आधी नेमणूक, मागाहून शिक्षण

भारतातील आधुनिक वनव्यवस्थेच्या आरंभीच्या इतिहासात मद्रास इलाख्यास महत्त्वाचे स्थान आहे. जहाजबांधणीसाठी सागवानाची मागणी वाढली आणि मलबारमधील सागाची वने झपाट्याने ओसरू लागली, तेव्हा मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड आरंभिली. सागाचे बी सहजासहजी रुजत नाही. ते रुजविण्याची रीत साधण्याचे व लागवड यशस्वी करण्याचे श्रेय कॉनोली यांचे सहायक चातू मेनन यांना दिले जाते. त्या लागवडीतील काही वृक्ष आजही उभे आहेत.

पुढे १८५६ साली ह्यू क्लेगहॉर्न यांची मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. क्लेगहॉर्न हे व्यवसायाने शल्यवैद्य होते आणि मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. मुंबई इलाख्यातही असेच घडले होते. तेथे १८४७ साली वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन हेही वैद्यच होते, आणि पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पतिउद्यानाची देखरेख त्यांच्याकडे होती. यात आश्चर्य नाही. औषधी वनस्पतींच्या ज्ञानासाठी वैद्यांना वनस्पतिशास्त्र शिकावे लागे, आणि वनविद्या शिकविणारी स्वतंत्र संस्था त्या काळी या देशात नव्हती.

अशी संस्था १८७८ साली देहरादून येथे निघाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातही, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वरूपात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात शेतकी व वनविद्येचे वर्ग भरत असत. दक्षिण भारतासाठी कोइमतूर येथे १९१२ साली वन महाविद्यालय स्थापन झाले. परंतु या शिक्षणाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सामान्यतः वनखाते आधी उमेदवार निवडी व मागाहून त्यास शिकण्यास पाठवी. जितकी पदे रिक्त, तितकेच विद्यार्थी. केवळ जिज्ञासेने वनविद्या शिकू इच्छिणाऱ्यास तेथे फारसा वाव नव्हता.

द्वाराबाहेर राहिलेले

या व्यवस्थेत कोण बाहेर राहिले, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. जानकी अम्माळ यांचा जन्म १८९७ साली तेल्लिचेरी येथे झाला. मद्रासच्या क्वीन मेरीज महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी १९२१ साली प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी मिळविली. मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या व १९३१ साली तेथील डॉक्टरेट त्यांना प्राप्त झाली. कोइमतूरच्या ऊससंशोधन केंद्रात त्यांनी उसाच्या संकराविषयी मोलाचे काम केले. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला, लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली प्रसिद्ध झाला.

ज्या कोइमतुरात त्या संशोधन करीत होत्या, त्याच गावात वन महाविद्यालय होते. परंतु वनखात्याच्या अधिकारपदांवर त्या काळी स्त्रिया नव्हत्या. भारतीय वनसेवेत स्त्रियांचा प्रवेश प्रथम झाला तो १९८० साली. म्हणजे जगाने मान्य केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीस आपल्या देशातील वनाची अधिकारी होण्याचा मार्ग तिच्या उमेदीच्या काळात खुला नव्हता. तरीही वनांशी त्यांचे नाते तुटले नाही. केरळातील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित वन जलविद्युत् प्रकल्पात बुडू नये, म्हणून उतारवयात त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. १९८४ च्या फेब्रुवारीत मद्रासजवळ मदुरवायल येथे त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते वन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

विद्यापीठाचे द्वार उघडते

स्वातंत्र्यानंतर वनांकडून असलेल्या अपेक्षा बदलल्या. सरकारी वनांचे रक्षण एवढेच काम उरले नाही. शेताच्या बांधावर झाडे लावणे, कागदाच्या कारखान्यांस कच्चा माल पुरविणे, उजाड टेकड्यांवरील माती धरून ठेवणे, वन्य प्राण्यांची गणना करणे, अशी अनेक कामे पुढे आली. त्यांसाठी लागणारी माणसे केवळ खात्याच्या प्रशिक्षणातून मिळणे शक्य नव्हते. १९७६ साली अहवाल सादर करणाऱ्या राष्ट्रीय कृषी आयोगाने विद्यापीठांतून वनविद्येचे शिक्षण देण्याचा पुरस्कार केला. त्यानंतर १९८५ च्या सुमारास अनेक कृषी विद्यापीठांनी वनविद्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. महाराष्ट्रात दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत तो चालतो. तमिळनाडूत हे शिक्षण कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाकडे आले आणि १९९० पासून त्याचे स्वतंत्र महाविद्यालय मेट्टुपाळयम येथे आहे.

चेन्नईचा विद्यार्थी रात्री निलगिरी एक्सप्रेसमध्ये बसला, म्हणजे सकाळी मेट्टुपाळयमला उतरतो. हे गाव निलगिरी पर्वताच्या अगदी पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तेथून निघणारी डोंगरी आगगाडी ४६ किलोमीटरांत उदकमंडलम् येथे पोहोचते. त्या गावाची उंची २,२०० मीटरांहून अधिक आहे. एवढ्या थोड्या अंतरात काटेरी झुडुपे, पानगळीची वने आणि डोंगरमाथ्यावरील गर्द शोला वने असे निरनिराळे वनप्रकार पाहावयास मिळतात. वनविद्येच्या महाविद्यालयास याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

अभ्यासक्रमात काय शिकविले जाते? वनसंवर्धनशास्त्रात बी गोळा करण्यापासून रोपवाटिका, लागवड व विरळणीपर्यंतच्या सर्व क्रिया येतात. वनमापनात उभ्या झाडाचा घेर व उंची मोजून त्यातील लाकडाचे घनमान कसे काढावे, हे शिकवितात. भारतात हा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजण्याची पद्धत आहे. बुंध्याचा तळ फुगीर असतो, म्हणून तेथील माप फसवे ठरते. छातीच्या उंचीवर मात्र खोड बरेचसे सारखे असते व मोजणाऱ्यास वाकावेही लागत नाही. यांखेरीज मृदाशास्त्र, वृक्षांचे आनुवंशिकीशास्त्र, काष्ठविज्ञान, कृषिवानिकी, वन्यजीवशास्त्र, वनविषयक कायदे, उपग्रहचित्रांवरून वनांची पाहणी, असे विषय असतात. अखेरच्या वर्षी विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष वनविभागात व गावांत राहून काम करावे लागते.

प्रवेश कसा मिळतो?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या पदवीस प्रवेश मिळण्यासाठी बारावीस विज्ञान शाखा लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित, असे विषय घेतलेले असले पाहिजेत. तमिळनाडूत कृषिविषयक व्यवसाय शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांसाठीही थोड्या जागा असतात.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. प्रवेशाचा अर्ज बारावीनंतर करावयाचा असला, तरी प्रवेशाचा निर्णय वस्तुतः दहावीनंतर, अकरावीचे विषय निवडतानाच होऊन जातो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने त्या दिवशी वाणिज्य किंवा कला शाखेच्या चौकटीत खूण केली, की वनविद्येच्या पदवीचे सरळ द्वार त्याला बंद होते. आणि हे त्यास त्या वेळी कोणी सांगितलेलेही नसते. ज्या शाळेत अकरावीला जीवशास्त्र शिकविण्याची सोय नाही, तेथील मुलांची निवड तर त्यांच्यासाठी परिस्थितीनेच केलेली असते.

गुणानुक्रम कसा लावावा, याविषयी राज्याराज्यांत भेद आहे. तमिळनाडूने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी १९८४ पासून चालत आलेली राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा २००६ च्या कायद्याने रद्द केली. तेव्हापासून तेथील कृषी विद्यापीठ बारावीच्या संबंधित विषयांतील गुणांवरून क्रम लावते व त्या क्रमाने विद्यार्थ्यांस महाविद्यालय निवडण्याची संधी देते. प्रवेशपरीक्षेच्या खास शिकवणीवर्गांचा खर्च खेड्यातील व गरीब घरांतील मुलांना झेपत नाही, हे त्यामागील मुख्य कारण सांगण्यात आले. त्या राज्यात एकंदर ६९ टक्के जागा मागास व अनुसूचित वर्गांसाठी राखीव आहेत. शिवाय २०२१ च्या कायद्यानुसार सरकारी शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांस अभियांत्रिकी, कृषी व तत्सम अभ्यासक्रमांत ७.५ टक्के जागा प्राधान्याने दिल्या जातात. चेन्नईतील एखाद्या महापालिका शाळेतून बारावी झालेल्या मुलाने ही तरतूद अवश्य जाणून घ्यावी.

महाराष्ट्रात याहून निराळी रीत आहे. दापोली किंवा अकोला येथे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यास राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दोन्ही पद्धतींच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलता येईल. वर्षभराच्या अभ्यासाचे माप शाळांत परीक्षेने चांगले होते, असे एक पक्ष म्हणतो. निरनिराळ्या मंडळांचे गुण एकाच तराजूत तोलता येत नाहीत, असे दुसरा म्हणतो. विद्यार्थ्याने मात्र आपल्या राज्यातील रीत कोणती, हे अकरावीतच पाहून ठेवणे श्रेयस्कर.

तिसरा मार्ग अखिल भारतीय आहे. कृषी विद्यापीठांतील काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमार्फत देशभरच्या विद्यार्थ्यांतून भरल्या जातात. त्यासाठी पूर्वी परिषदेची स्वतंत्र परीक्षा असे. अलीकडे २०२३ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतून ही निवड होते. या मार्गाने रत्नागिरीची मुलगी मेट्टुपाळयमला आणि चेन्नईचा मुलगा सोलन येथील यशवंतसिंह परमार विद्यापीठात शिकण्यास जाऊ शकतो.

पर्यावरणशास्त्राची वाट

वनविद्येचे द्वार चुकले, म्हणून सर्व संपले असे मुळीच नाही. पर्यावरणशास्त्राकडे जाणाऱ्या वाटा अधिक रुंद आहेत व त्यांतील पुष्कळशा पदवीनंतर सुरू होतात.

चेन्नईचेच उदाहरण घेऊ. शहराच्या दक्षिणेस पळ्ळीकरणैची पाणथळ आहे. पावसाचे पाणी स्पंजाप्रमाणे शोषून घेऊन ती हळूहळू समुद्राकडे सोडते, आणि स्थलांतरी पक्ष्यांस आश्रय देते. एका बाजूने शहराचा कचरा व दुसऱ्या बाजूने इमारती, यांनी ती आक्रसत गेली. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईस महापुराचा तडाखा बसला, तेव्हा पाण्याच्या वाटा व पाणथळी बुजविण्याचे मोल शहरास कळून आले. २०२२ साली या पाणथळीस रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता मिळाली. अशा एका पाणथळीचा प्रश्न सोडवावयाचा, तर पाण्याची परीक्षा करणारा रसायनज्ञ, पक्षी व मासे जाणणारा प्राणिशास्त्रज्ञ, सांडपाण्याची व्यवस्था आखणारा अभियंता आणि कायदा जाणणारा, हे सर्वच लागतात.

म्हणून येथे प्रवेशाची अटही एकच नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविलेल्या विद्यार्थ्यास पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात सामान्यतः प्रवेश मागता येतो. ही पदवी चेन्नईतील प्रेसिडेन्सी, क्वीन मेरीज किंवा तांबरम येथील ख्रिश्चन महाविद्यालय, यांपैकी कोठेही घेता येते. तांबरमच्या महाविद्यालयाचे आवार म्हणजेच एक प्रयोगशाळा होय. १९३७ साली महाविद्यालय तेथे गेले, तेव्हा रसायनशास्त्राचे अध्यापक एडवर्ड बार्न्स व त्यांच्या पत्नी ॲलिस बार्न्स यांनी त्या रखरखीत भूमीवर झाडे लावण्याचा व मूळची झुडुपे जपण्याचा ध्यास घेतला. आज तेथे दाट वनराई आहे. स्थापत्य किंवा रसायन अभियंत्यास अण्णा विद्यापीठात अथवा भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पर्यावरण अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेता येते. त्यासाठी गेट या नावाने परिचित असलेली अखिल भारतीय परीक्षा उपयोगी पडते.

वन्यजीवांची आवड असणाऱ्यास मइलाडुतुरै जवळील ए. व्ही. सी. महाविद्यालय आहे. मराठ्यांच्या राजवटीमुळे आपणांस परिचित असलेल्या तंजावरपासून ते फार दूर नाही. तेथे वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. देहरादूनची वन अनुसंधान संस्था १९९१ पासून अभिमत विद्यापीठ आहे व वनविद्येत पदवी नसलेल्या विज्ञान पदवीधरांनाही तेथील पदव्युत्तर वर्ग खुले आहेत. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था तर कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून घेते. म्हणजे अकरावीला कला शाखा निवडलेल्या मुलासही, वळणाच्या वाटेने का होईना, वनाकडे येता येते.

पदवीनंतर

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वनविद्येची पदवी म्हणजे वनखात्यातील नेमणूक नव्हे. भारतीय वनसेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, आणि तिला वनविद्येच्या पदवीधराप्रमाणेच कृषी व अभियांत्रिकी पदवीधर, तसेच वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र आदी विषय घेतलेले पदवीधरही बसतात. २०१३ पासून तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेसह एकत्र होते. निवड झालेल्या पुरुष उमेदवारास चार तासांत २५ किलोमीटर व स्त्री उमेदवारास १४ किलोमीटर चालून दाखवावे लागते, आणि मग देहरादूनच्या अकादमीत प्रशिक्षण मिळते. चार वर्षे वनविद्याच शिकलेल्या विद्यार्थ्यांस या स्पर्धेत अन्याय वाटतो व आपणांस काही अग्रहक्क असावा अशी त्यांची जुनी मागणी आहे. कर्नाटकासारख्या राज्याने राज्यसेवेतील वनाधिकाऱ्यांच्या काही जागा वनविद्येच्या पदवीधरांसाठी राखून ठेवल्या आहेत. वनाचा कारभार पाहण्यास निरनिराळ्या विद्यांची माणसे हवीत, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे. वाद मिटलेला नाही. म्हणून पदवी घेण्यापूर्वीच तो ठाऊक असावा.

परंतु काम केवळ खात्यातच असते असे नाही. मद्रास किनाऱ्यावरील वाळूत एकोणिसाव्या शतकापासून शहराच्या सरपणासाठी सुरूची लागवड होत आली. आज तीच सुरू व तिच्या जोडीला निलगिरी, तमिळनाडूचे शेतकरी कागदाच्या कारखान्यांसाठी लावतात. करूर जिल्ह्यातील सरकारी कागद कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण होय. शेतकऱ्यास चांगल्या जातीचे रोप देणे, किती वर्षांनी तोड करावी हे सांगणे, लाकडाची प्रत ठरविणे, ही कामे वनविद्येच्या पदवीधराची आहेत. संशोधनाची वाटही खुली आहे. वृक्षांच्या आनुवंशिकीवर काम करणारी राष्ट्रीय संस्था कोइमतुरातच आहे.

शिक्षकांस व पालकांस

दहावीचा वर्ग शिकविणाऱ्या शिक्षकाने वर्षातून एक तास या विषयास द्यावा. अकरावीचे विषय निवडण्यापूर्वी तो दिला गेला पाहिजे. नंतर दिलेल्या तासाचा उपयोग फारच थोडा. गावच्या ग्रंथालयाने आपल्या राज्यातील कृषी विद्यापीठाची त्या त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका मागवून वाचनकक्षात ठेवावी, कारण नियम व तारखा दरवर्षी बदलू शकतात. विद्यार्थ्याने जवळच्या वनात, माळावर किंवा तळ्याकाठी जाऊन एक वही ठेवावी: कोणत्या झाडास केव्हा पालवी फुटली, केव्हा फुले आली, कोणते पक्षी कोणत्या महिन्यात दिसले. प्रवेशासाठी त्या वहीचे गुण मिळणार नाहीत. परंतु आपल्याला ही विद्या खरोखर हवी आहे काय, याचे उत्तर तिच्यातून मिळेल.

गिंडीच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तिच्यापुढे एक नव्हे, अनेक वाटा आहेत. जानकी अम्माळ यांच्या तरुणपणी यांतील बहुतेक वाटा नव्हत्या. आज त्या आहेत. मात्र त्यांतील सर्वांत सरळ वाटेचा आरंभ अकरावीच्या प्रवेश अर्जावर होतो, आणि हे तिला तो अर्ज भरण्यापूर्वी कोणीतरी सांगावयास हवे.